सहावा डबा

सोमवार, २ जून
आलो एकदाचा. टेकडीच्या माथ्यावर, मनोऱ्याखाली पत्र्याची खोली. खिडकीतून खालचं सगळं गाव दिसतं. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे काका म्हणतात, स्वतः सोडायला आले. काम माझ्या आवडीचं: दूरचे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरचा जुना डुप्लेक्सर नव्यासारखा करायचा. तांब्याचे सहा लांबट डबे. बोलायला आणि ऐकायला अँटेना एकच, तेव्हा रिपीटरच्या तोंडचं त्याच्याच कानात शिरू नये ही जबाबदारी या डब्यांची. नदीला पूर आला की फोन आडवे होतात, मग खालच्या वस्त्यांना याचाच आधार. रविवारनंतर बायको लेकीला घेऊन राहायला येईल.

बुधवार, ४ जून
डबे उघडले. आतला चांदीचा मुलामा काजळीसारखा काळा. घासूनपुसून लख्ख केला, झिजलेल्या पितळी पट्ट्या बदलल्या. मग मीटर लावून एकेका डब्याचा दांडा केसभर आत, केसभर बाहेर करत बसलो. मान मोडली, पण सहाही सुरात आले.

शुक्रवार, ६ जून
पहिले पाढे पंचावन्न. मीटर म्हणतो सगळं ठीक, पण रिसीव्हरचा दिवा आपोआप लागतो, जणू कुणी बोलतंय. बोलणारं यंत्र बंद केलं. अँटेना काढली. तरी दिवा लागतोच. वायर बदलल्या, सांध्यांना पुन्हा डाख दिला. डबे जितके नीट लावावेत तितकं ते वाढतं. व्हायला हवं नेमकं उलटं. काकांचा फोन आला, कधी होणार म्हणून. डब्यांना विचारा, म्हणालो. नंतर वाईट वाटलं.

शनिवार, ७ जून
माझ्या आधीच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने काम अर्धवट का सोडलं ते विचारायचं होतं. त्याच्या बायकोने उचलला. म्हणाल्या, टेकडीवरून परत आल्यापासून यांचा आवाजच गेलाय, डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. नवऱ्याने शेजारी बसून कागदावर लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं: सहावा डबा सुरात आणू नका.
मला हसू आलं. आणि रागही. पूर तोंडावर आलाय आणि हे म्हणे काम बिघडवून ठेवा. मुद्दाम सहावा आणखी बारकाईने लावला.

रविवार, ८ जून
अँटेना अजून काढलेलीच आहे. तरी स्पीकरवर माणूस बोलतोय. साधंच बोलतो, वर या, भेटायला या. तो आधीचा मेकॅनिकच चेष्टा करतोय असं वाटून त्याच्या बायकोला पुन्हा फोन केला आणि फोन स्पीकरपाशी धरला. त्यांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग म्हणाल्या, हा यांचाच आवाज आहे, आणि हे इथे माझ्यासमोर तोंड मिटून बसलेत.
सहावा सैल करायला गेलो. नट फिरत नाही. पाना घसरून बोटं सोलली.

सोमवार, ९ जून
घसा बसलाय. मीठपाण्याच्या गुळण्या, काही उपयोग नाही. हातोडी घेतली. डबा चेपला, वायर तोडली. दिवा तसाच.

मंगळवार, १० जून
आवाज नाही. अजिबात नाही.
स्पीकरवर मी बोलतोय. माझा आवाज, माझं ते मध्येच खाकरणं. काकांना सांगतोय, काम फत्ते. काका शाबासकी देतायत. मी इथे टेबलावर मुठी आपटतोय —

बुधवार, ११ जून
बायकोकडे छोटा रेडिओ सेट आहे. त्यावर माझा आवाज तिच्याशी बोलला. इतक्या प्रेमाने मी कधी — तिला म्हणाला, आजच या. पोरीला आण, तिची बडबड ऐकायचीय.
तिला फोन केला. नुसता श्वास जातो. काही ऐकू येत नाही, सेटवर बोल, म्हणाली आणि ठेवला. पुन्हा केला. कुणी उचलत नाही. मेसेज टाकला, तोही वाचलेला नाही. निघाल्या असतील.

दुपार
धावत खाली जायला हवं होतं. आता उशीर — वळणावर गाडी दिसली.

दाराबाहेर आल्या. कडी मी आतून लावलीय. मी हात हलवतोय, परत जा, परत जा. लेकीला तो खेळ वाटतोय. हसतेय. खिडकीच्या काचेला नाक लावून ती बाबा म्हणून हाक मारतेय, नुसते ओठ हलताना दिसतायत मला —
हाक माझ्या मागून आली. स्पीकरमधून.