घसा बसलेला नाही

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय आई,

नमस्कार. ड्युटीवरून आल्याआल्या उभ्यानेच हे फोडलं असशील तर आधी बस आणि पायमोजे काढ. इकडे सगळं ठीक आहे. शेवटचं वर्ष सुरू झालंय. सायकल दुकानावरची ही नवी खोली उजेडाची आहे. खाली दिवसभर ठोकाठोक चालते, पण अभ्यास होतो.

तुझी तक्रार पोचली. "फोन उचलायला काय हात झिजतात का?" हात नाही झिजत. पण सांगायचं बरंच आहे आणि ते कागदावरच नीट जमेल.

आधी चांगली बातमी. एप्रिलमध्ये गेलेली तोंडी परीक्षा ऑगस्टमध्ये पुन्हा दिली आणि सुटली. शंभरपैकी एकोणऐंशी! परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे सगळं तेव्हाही येत होतं ना? मग तोंडाला कुलूप का?"

तुला तेव्हा ताप असल्याचं सांगितलं होतं. ताप नव्हता, आई. तीन प्रश्न आले, तिन्हींची उत्तरं येत होती. पण तोंड उघडलं की माझा आवाज ऐकू येणार आणि समोरच्या सगळ्यांना तो मुलीचा वाटणार, या विचाराने घशातून शब्द निघेना. दहा मिनिटं नुसतं टेबलाकडे बघण्यात गेली. नंतर पाण्याच्या टाकीमागे तासभर रडणं, आणि डोक्यात एकच: उद्या साइटवर पन्नास माणसांना ओरडून सांगावं लागेल की खांब तिरका जातोय. तेव्हाही असंच होणार असेल तर ही पदवी घेऊन करायचं काय?

तुला खुपू नये म्हणून आत्तापर्यंत 'गेले की गेलो' सांगणारं एकेक क्रियापद टाळत लिहिलं. दमलो. आता सरळ लिहितो.

मी तुला शब्द दिला होता, की पदवी हातात पडेपर्यंत डॉक्टर नाही, औषध नाही. तू म्हणाली होतीस, "दोन वर्षं कळ काढ, मग मी आडवी येणार नाही." तो शब्द मी मोडला. सुट्टीत प्रशिक्षणासाठी थांबलो होतो, हे अर्धंच खरं. त्याच दिवसांत मानसोपचारांच्या डॉक्टरांनी चार बैठका घेऊन पत्र दिलं, हार्मोनच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि सहा जूनला मी पहिलं इंजेक्शन घेतलं. जुलैअखेर आवाज फुटायला लागला. म्हणून फोन नाही, नुसता 'घसा बसलाय' असा निरोप. माझा घसा बसलेला नाही, आई. तू नर्स आहेस, दोन वाक्यांत ओळखलं असतंस. त्यानंतरची तुझी शांतता ऐकायला मी भ्यालो.

तुला फसवलं, त्याची माफी मागतो. इंजेक्शनची मागत नाही.

आता पुढचं. आम्हाला शिकवतात की काँक्रीटला त्याचे दिवस द्यावेच लागतात. घाईने खालच्या आधाराच्या फळ्या काढल्या की स्लॅब डोक्यावर येतो. मी घाई कुठेच केलेली नाही. नावबदलाचे कागद आत्ताच द्यायचे, कारण शेवटच्या सेमिस्टरचा फॉर्म जानेवारीत भरतात आणि पदवीवर त्यातलंच नाव छापतात. डिसेंबरात सर्वे कॅम्प आहे. मोजणीची तिपाई खांद्यावर घेऊन दहा दिवस माळ तुडवायचा, म्हणून ऑपरेशन त्याआधी नाही. मेमध्ये परीक्षा. जूनमध्ये छातीचं ऑपरेशन, मग सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि ऑगस्टमध्ये कामावर. एकही विषय मागे ठेवणार नाही. तारखांचा तक्ता सोबत जोडलाय, रक्ताचे रिपोर्टही. तोंडी सांगितलेलं तू धरत नाहीस, माहीत आहे.

रागाव. पण गप्प बसू नकोस.

तुझं,
पिल्लू


२९ सप्टेंबर, सोमवार

प्रिय आई,

नीट पोचलीस ना? गुडघा कसा आहे? माझ्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, हे तू बजावलंसच.

तू उत्तर लिहिण्याऐवजी स्वतःच येशील असं वाटलं नव्हतं. सायकलवाल्या काकांनी खालून हाक मारली, "इंजिनिअर, कुणी बाई आल्यात. रागात दिसतात!" मी दार उघडलं तर तू अजून युनिफॉर्ममध्येच.

"बोलतेस का आता तरी?" तू म्हणालीस.

"काय बोलू?" मी म्हणालो, आणि नेमका तिथेच आवाज चिरकला.

तू पलंगावर बसलीस. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, "तुझ्या बाबांसारखा नाही हा. थेट मामाच बोलतोय."

मग खरं ते निघालं. "शब्द मोडलास, त्याचा राग आहे मला," तू म्हणालीस, "आणि त्याहून जास्त माझाच. ती दोन वर्षं तुझ्यासाठी नव्हतीच. मला हवी होती. वाटलं, तोवर निवळेल सगळं." आई, हे मला सांगायला तुला किती जड गेलं असेल, ते मी त्या दिवशी बोललो नाही. आज लिहितो: सांगितलंस ते बरं केलंस. निवळणारं नव्हतं ते.

त्यानंतर तू चष्मा पुसून रिपोर्ट वाचायला घेतलेस आणि मी सुटलो. की अडकलो?

"पुढचं रक्त डिसेंबरात म्हणतोस? कॅम्पच्या आधी कर. आणि हे ऑपरेशन जुलैत ढकल, जूनमध्ये मला रजा नाही."

"जूनच," मी म्हणालो. "जुलै केला तर कामाची जागा जाते."

"आणि ड्रेसिंग कोण करणार? तो सायकलवाला?"

"वेळ आली तर तोही करेल."

तू हसलीस. मे महिन्यानंतर पहिल्यांदा तुझं हसू बघितलं. काल तुझा निरोप आला, की रजेची अदलाबदल करून वीस जून मिळवलास. तक्त्यात खोडून तसं लिहिलंय.

तुझी अट होती, मावशीला मी स्वतः सांगायचं. सकाळीच फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पटकन फोन ठेवून दिला. पाऊण तासाने तिचाच आला. "मला सवय लागायला वेळ लागेल. चुकले तर ओरडू नकोस." मी म्हणालो, नाही ओरडणार. दुसऱ्यांदा चुकलीस तर बघू. "मेल्या!" म्हणाली.

दुपारी कॉलेजच्या ऑफिसात नावबदलाचे कागद दिले. हेडक्लार्कांनी एकेक पान उलटून बघितलं, काही विचारलं नाही, नुसतं बोट ठेवलं. "इथे सही. नव्या नावाची." पेन टेकवलं आणि हात अडला. त्या नावाची सही मी कधी केलीच नव्हती! त्यांनी टेबलाखालून एक कोरा कागद काढून पुढे सरकवला. "आधी यावर गिरवा. पुढे जन्मभर हीच करायचीय." मागे रांग खोळंबली होती, पण त्यांनी घाई केली नाही. अकराव्या सहीला हात बसला. बारावी अर्जावर केली.

त्या कागदांना सही लागते. या पत्राला लागणार नाही.

तुझा मुलगा