बंड्यासाठी फोडलेला गडू

कुक्सहाफेन, सप्टेंबर १९६२, शनिवार संध्याकाळ

दिवसभर समुद्राच्या कडेनं गाडी चालली आणि समुद्र काही दिसला नाही. मध्ये तो उंच बांध. बंड्या माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलेला. हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून त्याला आवडणाऱ्या वाळूत आणलं, तर त्या कुत्र्यात गाडीतून उतरायचंही त्राण नाही. दुधाला तोंड लावत नाही.

निघताना सासूबाईंनी दिलेला गंगेचा गडू मी पिशवीत टाकला, तेव्हा हे हसले. दर लांबच्या प्रवासाला मी तो घेते आणि हे हसतात. केमिस्ट ना. म्हणे, त्या पाण्यात काय काय असतं ते मला विचार.

दुपारी यांनी बांधापाशी गाडी थांबवली. मग मागे न बघताच म्हणाले, "अगं, तो गडू आणलायस ना?"

गडूचं तोंड डाख लावून बंद केलेलं. पान्यानं यांनीच फोडला. मी बोट बुडवून बंड्याच्या जिभेला लावलं. त्यानं चाटलं. दिवसभरात पोटात गेलं ते एवढंच.

आता खोलीत तो कण्हतोय. गडू टेबलावर उघडा आहे. खरं तर तो आमच्या शेवटच्या घोटासाठी होता. तो आजच फोडला, त्याचं काही नाही. पण आमच्यातलं एक जाईल तेव्हा दुसरं पाणी घालेल. मग त्या दुसऱ्याला इथं कोण घालणार?