सात पस्तीस

४ नोव्हेंबर, मंगळवार

बारा नंबर खोलीतली मुलगी अजून इस्पितळातच आहे. वसतिगृहात सगळ्यांच्या तोंडी एकच — उशीर का केला? जेवणघरात तेच, जिन्यात तेच. तिच्यावर हल्ला करणाऱ्या त्या माणसाबद्दल एक अक्षर नाही! तो कोण, कुठे पळाला, सापडणार कधी — कुणाला पडलेली नाही.

मीही रजिस्टरच पुढे केलं. रविवार, वेळ सात पस्तीस, शेरा : उशिरा. फाटक साडेसातला बंद होतं. अकरा वर्षं इथे रेक्टर आहे मी, नियम सगळ्यांना सारखा.

स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्या गप्प आहेत. एरवी कचेरीतल्या घड्याळावरून मला चिडवतात, "बाई, तुमच्यासारखंच ते, सदा घाईत!" आज माझ्याकडे बघतही नव्हत्या.

५ नोव्हेंबर

पोलीसबाई येऊन गेल्या. "मुलगी म्हणते, मी वेळेत आले होते." मी म्हटलं, घाबरलेली पोर, तिला वेळेचं भान कुठून राहणार? त्यांनी ते लिहून घेतलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इथे तरी खरं लिहिते.

तिने तीनदा घंटा वाजवली. मी कचेरीत चहा घेत होते. खिडकीतून दिसली, हात करत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, राहू दे उभी दहा मिनिटं, अक्कल येईल. चहा संपवला. कपबशी विसळली. मग किल्ली घेऊन गेले, तर फाटकाशी कुणी नाही. वाटलं, फुगून गेली मैत्रिणीकडे! शेरा मारला आणि वही मिटली.

रस्त्यापलीकडच्या बंद गोदामामागे सापडली ती. फाटकापासून पन्नास पावलंही नसतील.

अक्कल येईल — हे शब्द माझे. कुणाला सांगू?

८ नोव्हेंबर

इस्पितळाच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिची आई सामान न्यायला आली होती. गादी गुंडाळली, पुस्तकं बांधली, खिळ्यावरचा छोटा आरसाही काढून घेतला. निघताना माझे दोन्ही हात धरले. "आमचंच चुकलं, बाई. पोरीला वेळेचं वळण लावलं नाही. हे तर तिच्याशी बोलतही नाहीत. शिक्षण बंद म्हणतात. तुम्ही तरी किती जणींना सांभाळणार?"

पोरीचं शेवटचं वर्ष! ते माझ्या एका शेऱ्यापायी बुडणार, आणि तिची आई माझीच माफी मागते आहे. रिकाम्या खोलीत बसून खूप रडले. मग मुली जेवायला आल्या, हजेरी घेतली.

१२ नोव्हेंबर

सकाळी मावशींच्या रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या. कचेरीतलं घड्याळ — आठ दहा. जूनमध्ये मीच काटे पुढे सारले होते, मुली वेळेत याव्यात म्हणून! विसरले होते, की विसरायचं होतं?

ती पाच मिनिटं आधी आली होती. आणि तासभर उशिरा आली असती, तरी किल्ली माझ्याकडेच होती.

घड्याळ उतरवून पिशवीत घातलं आहे. रजिस्टरही. आधी चौकी, मग तिच्या वडिलांकडे.