गळ्यातला उजेड

रविवार, संध्याकाळ. पांढुर्णा.

तिगावचे नामदेवकाका गळ्याच्या कॅन्सरनं गेले, आईनं आत्ताच सांगितलं. तेव्हापासून तो गळ्यातला उजेड डोळ्यांपुढून हटत नाही.

गेल्या वर्षी नागपूरला, मी तंत्रज्ञ आहे त्या संशोधनात, ते पेट-सीटी स्कॅनला आले होते. इंजेक्शननंतर तासभर बोलायचं नसतं. बोललं की चित्रात गळा कॅन्सरच्या गाठीसारखाच चमकतो. रोज मीच बजावते सगळ्यांना. पण गावाकडचा माणूस दिसला अन् मीच विचारलं, "काका, संत्रे कसे आहेत औंदा?"

"झाडं वाकून राह्यले, पोरी!"

चित्रात गळा चमकला. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी सहज म्हटलं, "सर, तासभर बोलून राहिले होते." त्यांनी 'बोलल्यामुळे' असं लिहिलं, गळा पुढं तपासलाच नाही.

तासभर? काका पाच मिनिटं बोलले. मग झोपले होते.