डोरीनने झाडायचा शेवटचा दगड

मी, मार्जरी कोवाल्चुक, वय एक्क्याऐंशी, राहणार पाइन क्रॉसिंग, सस्कॅचेवान, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, म्हणजे कर्लिंगची माजी राष्ट्रीय विजेती, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वीची सर्व रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक धाकटी बहीण डोरीन हिला मिळावी.

२. भाऊ स्टॅन याला बर्फ उपसायचे फावडे. त्याने डोरीनचे अंगण साफ ठेवावे. दर नाताळात होलुब्त्सी, म्हणजे भरल्या कोबीच्या गुंडाळ्या, वाढताना तो तिला विचारतो, "काय गं, आज कशाला झाडू लावलास?" तेवढी जीभ चालते तर हातही चालतील.

३. सुवर्णपदकही डोरीनलाच. कारण लिहिणे भाग आहे. आमच्या पहिल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात माझा शेवटचा दगड घसरत जाऊन बरोबर वर्तुळाच्या मध्यावर थांबला. आम्ही जिंकलो होतो, लोक उठून टाळ्या वाजवत होते. दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडणारी डोरीन तेवढ्यात म्हणाली, "माझा झाडू लागला त्याला." पंचानेही पाहिले नव्हते. पण आमच्या खेळात ही चूक ज्याची त्यानेच सांगायची, आणि दगड ठेवायचा की काढायचा ते समोरच्या कर्णधाराने ठरवायचे. समोर ग्लॅडिस थॉर्वाल्डसन होती. तिने काढला आणि आम्ही हरलो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची रीत. तिने पहिला पेला डोरीनला भरला.

गावाने मात्र डोरीनला बोल लावले. ती पुन्हा बर्फावर उतरली नाही. दोन वर्षांनी मी पदक आणले, वेशीवरच्या पाटीवर माझे नाव लागले. त्याचा अभिमान आहे, का नसावा? त्या वर्षी अख्ख्या देशात माझ्या तोडीची कोणी नव्हती. पण हातातला सामना स्वतःच्या तोंडाने सोडणारी माझ्या पाठची बहीण आहे, हा अभिमान त्याहून मोठा आहे.

४. माझ्या दगडाची मूठ काढून आतल्या पोकळीत चिमूटभर रक्षा भरावी. स्टॅनच्या मुलीने तो गावच्या बर्फावर सोडावा आणि डोरीनने झाडावा. ती म्हणेल, "या वयात?" तिला सांगावे, थोरली असून मी आलेच ना.

झाडू लागला तर ती सांगेलच. त्या दिवशी समोरची कर्णधार मी. माझा निर्णय आताच देते: दगड थांबेल तिथेच राहू द्यावा.

पाइन क्रॉसिंग, २ मार्च २०११
सही: मार्जरी कोवाल्चुक

साक्षीदार:
बोहदान लिसेंको, गावच्या मैदानाचा बर्फ राखणारे
ग्लॅडिस थॉर्वाल्डसन, विनिपेग. निर्णय मलाही मान्य.