तारेपेक्षा गोळी बरी

आबा, रानडुकरं मारायच्या अर्जावर म्या सही केली. रान तुमचंच, पर आता सातबारा माझ्या नावावर, म्हणून सही बी माझीच लागली. तुमाला पटणार न्हाय, ठावं हाय. मी चौथीत असताना गोफणीनं एका डुकरिणीचा पाय मोडला, तवा तुमी गोफण चुलीत घातली. "ज्यानं तोंड दिलं त्यानं वाटा बी दिलाय," येवढंच म्हणालात, आन दोन दिस माझ्याशी बोलला न्हाईत. पेरताना बांधाकडची दोन तासं, पिकाच्या दोन वळी, जनावराच्या नावानं सोडायचात, काढायचा न्हाईत. तवा डुकरांचं त्या दोन तासांत भागायचं. आता कळप भुईमुगात शिरला की सकाळी रान नांगरल्यावानी दिसतंय.

तुमच्या नातवानं, माझ्या पोरानं, बांधाला तार वढली आन तिच्यात करंट सोडला. मला म्हणतो, "आई, सगळेच सोडत्यात. बोलायचं न्हाय." दिस उगवायला मी रानात गेले तर तारेला हरणी. डुक्कर न्हाय, हरणी. तोंड भाजलेलं, पोट हालतंय. म्या खटका पाडला आन तिच्याजवळ बसले. मरायला लई येळ लागला तिला. पोरगा फावडं घेऊन आला.

"लवकर पुरू, आई. हरणाला जेल हाय."

"आन डुकराला?"

"डुकराला कोण इचारतंय?"

तार म्या त्याच दिशी काढली, माझ्या हातानं. पोरगा नुसता बघत हुता.

त्याच आठवड्यात येरमाळ्याच्या फाट्यावर हॉटेलात बसले हुते. टीव्हीवर दाखवत हुते, कुठल्या लांबच्या मुलखात दुष्काळ पडला म्हणून सरकारनंच हत्ती मारले आन मटण वाटलं. आपल्याच गावचा एक जण कपबशी खाली ठेवून म्हणला, "पाप हाय ह्ये. हत्ती म्हंजी गणपती."

म्या म्हणलं, "आन वराह कोण हुता? तुझ्या बांधाला तार हाय का न्हाय, ते सांग आधी."

"मावशी, च्या घ्या," म्हणला.

हत्ती मारावा का न्हाय, मला सांगता यायचं न्हाय. तिथलं पाणी म्या बघितलं न्हाय, तिथली माणसं बघितली न्हाईत. पर ते मारत्यात ते सांगून तरी मारत्यात. आपल्याकडं समद्यांना दया हाय आन समद्यांच्या बांधाला तार हाय.

मग गेले वनखात्याच्या हापिसात. तिथला साहेब म्हणला, "आजी, अंगठा चालंल." म्या म्हणलं, "चौथी झालीय माझी," आन सही केली. कागदावर लिवलंय, लायसनच्या बंदुकीनंच मारायचं, पंचनामा करायचा, मटण कुणी न्यायचं न्हाय. बरं हाय की. कुणी मारलं, काय मारलं, कशानं मारलं, ह्याला नाव तरी ऱ्हातंय.

पोरगा म्हणला, "आजोबा असते तर सही करू दिली असती व्हय?"

"असते तर हरणीपाशी बसले असते," म्या म्हणलं.

तुमची दया खोटी हुती असं मी म्हणत न्हाय, आबा. पर ती बांधाकडच्या दोन तासांची हुती. माझ्या वाट्याला कळप आलाय. गोफण जाळून माझं भागत न्हाय, आन त्याची मला लाज बी वाटत न्हाय. तुमी आत्ता समोर असता तर तोंडावर बोलले असते. न्हाईत, म्हणून लिवतीय. ह्ये कुठं धाडायचं न्हाय.

बंदूकवाला आला तवा म्हणला, "आजी, घरला जावा." मी हालले न्हाय. जिची सही तिनं बघावं. मोठा नर हुता, एका गोळीत पडला. गावात समद्यांना म्या सांगितलं, माझ्या डोळ्यानं बघितलं, तडफडला न्हाय. तुमाला खरं सांगते. बंदूक वर झाली तवाच म्या डोळे मिटले हुते.