सातवा प्रश्न सक्तीचा

सारंग-सान,

शनिवारी घडलं ते असं:

१. तोक्योतल्या ऐनू, म्हणजे होक्काइदोच्या मूळ रहिवासी, कुटुंबांच्या गरजा नोंदवायचं आपलं अ‍ॅप मी त्यांच्या संस्थेतल्या आज्यांना दाखवलं.
२. त्यांच्यातल्या हिसाए-सान म्हणाल्या, "आजवर पुष्कळ लोक विचारून गेले, स्वतःचं कुणी सांगितलं नाही. आधी तू भर."
३. मी भरलं.

माझी उत्तरं त्या मोठ्याने वाचत होत्या. पगार ऐकून एक आजी म्हणाली, "मग स्वेटर असा का?" सातव्या प्रश्नाला मी अडकले: अडचणीत कोणाला फोन कराल? रिकामं सोडलं, तर स्क्रीनवर लाल अक्षरं आली, 'उत्तर आवश्यक'. ही सक्ती मीच घातली होती. तू नको म्हणाला होतास. मार्चच्या आधी, आपण एकत्र असताना, मी तिथे तुझा नंबर टाकला असता.

मी आईचा टाकला.

"पुण्याहून यायला किती वेळ लागतो तिला?" असं विचारून हिसाए-साननी टॅब्लेट ओढला आणि स्वतःचा नंबर टाकला. "झालं. आता बाकीचे प्रश्न आम्ही ठरवतो."

त्यांनी निम्मे प्रश्न काढायला लावले आणि एक नवा घातला: जेवलीस का? सातवा मात्र ठेवला, सक्तीसकट.

या बदलांची रीतसर मेल तुला गेली आहे. हे पत्र जाणार नाही, म्हणून इथे विचारते. ऑफिसात तुझ्या नावापुढे अडचणीच्या वेळचा नंबर अजून माझाच आहे का?

शुक्रवारपर्यंत कळव.

ज्ञानदा